मागे घेतलेली सही

आपल्याकडे 'पहिला' म्हणून गाजलेल्या माणसाचे चरित्र नेमणुकीच्या दिवशीच संपते. हार, फोटो, सत्कार! पुढे त्या खुर्चीने त्याचे काय केले, हे चरित्रकार विचारीत नाही. न्यायमूर्ती जोनाथन जॅस्पर राइट यांच्याविषयीचे लेखन वाचताना मला हीच खोड तिथेही दिसली.

राइट 1840 साली पेनसिल्व्हेनियात जन्मले. 1866 मध्ये त्या राज्यातले पहिले काळे वकील झाले. यादवी युद्धानंतर साउथ कॅरोलिनात गुलामीतून सुटलेल्यांना त्यांनी शिकवले, कायद्याचा सल्ला दिला. 1 फेब्रुवारी 1870 रोजी विधिमंडळाने त्यांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून दिले. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यात त्या जागी बसलेला हा पहिला काळा माणूस. 1873 मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' ज्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांच्याच देशात राइट तेव्हा निकालपत्रे लिहीत होते.

चरित्रकार इथपर्यंत रमतात. मला मात्र 1877 चा फेब्रुवारी महत्त्वाचा वाटतो. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत काळ्या मतदारांवर बंदुका रोखल्या गेल्या होत्या आणि राज्यात दोन गव्हर्नर होऊन बसले होते, हॅम्प्टन आणि चेंबरलेन. हॅम्प्टनने टिल्डा नॉरिस नावाच्या कैद्याला माफी दिली. ती माफी खरी, तर गव्हर्नरही खरा. राइट यांनी हॅम्प्टनच्या बाजूच्या आदेशावर सही केली आणि थोड्याच दिवसांत ती मागे घेतली.

विरोधकांनी यात दारू पाहिली. कैवारी हे पान घाईने उलटतात. मला दोन्ही वाचने आळशी वाटतात. ज्या सत्तेच्या आधारावर ती खुर्ची उभी होती तीच पाय काढून घेत होती. एप्रिलमध्ये संघराज्याचे सैन्य विधानभवनातून निघूनही गेले. अशा वेळी न्यायाधीशाचा हात कापला असेल, तर तो कंप एकट्या राइटचा कसा? आणि सही परत घेणे हा दुबळेपणा, की उशिरा दिलेला नकार? मला दुसरे खरे वाटते, पण पहिल्या सहीची जबाबदारी त्यांच्यावरून पुसावी असे मला वाटत नाही.

दारूबाजीचा ठपका ठेवून महाभियोगाची तयारी झाली. त्याच वर्षी राइट यांनी राजीनामा दिला. 1885 साली चार्ल्सटनमध्ये क्षयाने ते गेले. त्यांच्या नावावर 80 हून अधिक निकालपत्रे आहेत; त्यांच्यावर लिहिणारे मात्र दारूच्या बाटलीवरच अधिक बोलले. त्या न्यायालयात दुसरा काळा न्यायाधीश, अर्नेस्ट फिनी, यायला 1985 साल उजाडले.