वाघाच्या पोटातली वेलबुट्टी

मोठ्या माणसांसाठी रंगवायची पुस्तकं निघाली आहेत, असं कुणी पूर्वी सांगितलं असतं तर लोक हसले असते. आता हसणाराच मागासलेला ठरतो. स्कॉटलंडच्या जोहाना बॅसफर्डबाईंचं ‘सीक्रेट गार्डन’ 2013 साली आलं, 2014 मध्ये मिली मॅरोटाबाईंचं ‘अ‍ॅनिमल किंगडम’ आलं, आणि बघता बघता कर्तीसवरती माणसं पेन्सिलींना टोकं काढीत बसली. लाट आमच्या मांजर्लीपर्यंत पोचली. बदलापूर पश्चिमेच्या ज्या वस्तीच्या नावातच मांजर आहे, तिथं प्राण्यांच्या पुस्तकाला नको कोण म्हणणार?

वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडचं त्याच जातकुळीतलं एक पुस्तक मी परीक्षकाच्या नजरेनं चाळलं. पहिल्याच पानावर वाघ. पण पोटात वेल, पाठीवर कमळं, नाकावर बुट्टा; पैठणी नेसून मुंजीला निघाल्यासारखा! पुढं हत्ती, घुबड, कासव. सगळ्यांची खरेदी एकाच दुकानातली. देवानं वाघाला पट्टे दिले ते त्याला पुरत होते हो! आणि गंमत म्हणजे, प्रत्येक खणात वेगळा रंग भरत गेलात की वाघ नाहीसाच होतो, मागं उरते गोधडी. वाघ वाचवायचा तर दोन-तीन रंगांवर भागवावं लागतं, आणि चोवीस पेन्सिलींचा डबा घेतलेला माणूस तेवढ्यावर थांबत नाही. स्केचपेन वापरावं, तर शाई झिरपून पाठच्या पानावरच्या हत्तीला गोवर येतो.

प्राण्याच्या अंगात नक्षी भरायला माझी हरकत नाही. मध्य प्रदेशातल्या जनगढसिंग श्याम यांनी ठिपक्यांनी आणि रेघांनी भरलेली जनावरं पाहावीत. पण तिथं जनावरही त्यांचं आणि ठिपकाही त्यांचाच. आमच्याकडच्या बायका चैत्रातल्या तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत अंगणात चैत्रांगण काढत. त्यात कासव असे, नाग असे, हत्ती असे. हत्ती कधी कधी डुकराच्या वळणावर जाई, पण तो त्या घरचा हत्ती असे. इथं रेघ परक्याची, आपण फक्त भरणारे. जन्मभर फॉर्मातले रकाने भरले, आता निवृत्तीनंतर घुबडाचे भरा! इलिमेंटरीच्या परीक्षेतसुद्धा स्मरणचित्राला मुलाला स्वतःचं डोकं चालवावं लागतं.

हे सगळं मी वहिनींना ऐकवलं आणि वर एक कोरी वही घ्या म्हणून सुचवलं.

वहिनींनी मान वर केली नाही. “भावजी, कोरी वही कोरीच राहील. पहाटेच्या लोकलला डबा कुणाचा, भाजी कुठली, पाणी आलं नाही तर काय, दिवसभर मीच ठरवत असते. तासभर दुसऱ्या कुणी ठरवलेलं बरं वाटतं.”

“मग विणकाम करा. निदान स्वेटर तरी होईल.”

“स्वेटर कुणाचा तरी होतो. मग तो कधी होणार म्हणून विचारतात. रांगोळी दाराची असते. हा वाघ कुणाच्याच कामाचा नाही, म्हणून कुणी घाई करत नाही. शिवाय हातात बारीक पेन्सिल दिसली की चहा मागायला आमच्याकडचे जरा कचरतात.”

आता यावर समीक्षकानं काय बोलावं? चित्र म्हणून तो वाघ सुमारच आहे, हे मी पुन्हा सांगेन. मुखपृष्ठावर ‘ताणमुक्ती’ असं छापणाऱ्यांनी एकदा त्या कासवाच्या पाठीवरचे तांदळाएवढे खण स्वतः भरून दाखवावेत, डोळे बाहेर येतील. पण ज्या घरात बाईच्या रिकाम्या हाताला कुणी ना कुणी काम लावतं, तिथं दुपारचा एक तास कुणाच्याही उपयोगी न पडता बसायची सोय या सुमार वाघानं केली, ही गोष्ट चित्रकलेच्या हिशोबात कुठं मांडायची, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

“तुमचा वाघ जांभळा होतोय,” मी म्हटलं.

“होऊ दे. तेवढं जरा सरका बघू, उजेड अडतोय.”