औंढा नागनाथ: ‘खरं ज्योतिर्लिंग कोणतं?’ या प्रश्नाचं काय करायचं?

तीर्थक्षेत्रांवर पीएचडी करतेय असं सांगितलं की मराठवाड्यात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “मग सांगा बरं, नागनाथ खरा औंढ्याचा का द्वारकेचा?” लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न येतो, एसटीत येतो, माहिती गोळा करायला गेले की तिथंही येतो. विचारणारा थट्टा करत नसतो. आपण वर्षानुवर्षं जिथं अभिषेक केला, नवस फेडले, ती जागा ‘ओरिजिनल’ आहे की नाही, हे त्याला खरंच जाणून घ्यायचं असतं.

या पोस्टमध्ये मी उत्तर देणार आहे, टाळणार नाही. पण त्याआधी हे उत्तर आपल्याकडे ज्या पद्धतीनं दिलं जातं तिच्यावर थोडी टीका करायची आहे. माहितीपुस्तिका, मंदिराबाहेरचे फलक, यूट्यूबवरचे व्हिडिओ, सगळीकडे पद्धत तीच. आणि माझ्या मते या पद्धतीत सगळ्यात जास्त नुकसान औंढ्याचंच होतं.

वाद नेमका काय आहे?

बारा ज्योतिर्लिंगांपैकी ‘नागेश’ दारुकावनात आहे, असं परंपरा सांगते. आता हे दारुकावन कुठं? तीन ठिकाणं प्रमुख दावेदार आहेत: गुजरातमध्ये द्वारकेजवळचं नागेश्वर, उत्तराखंडात अल्मोड्याजवळचं जागेश्वर आणि आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ.

तिघांकडेही पुरावा आहे, पण प्रत्येकाकडे वेगळा. द्वारकेकडे समुद्र आहे. शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत ही कथा येते. दारुक आणि दारुका हे राक्षस जोडपं, त्यांनी पकडलेला सुप्रिय नावाचा शिवभक्त वैश्य, आणि त्याच्या हाकेला धावून आलेला शिव. कथेत पश्चिम समुद्र आहे, नावा आहेत. औंढ्यापासून समुद्र चारशे किलोमीटरहून लांब. जागेश्वरकडे झाडं आहेत: ‘दारु’ म्हणजे लाकूड, आणि तिथं देवदारांचं घनदाट रान. शंभराहून अधिक जुनी दगडी देवळंही आहेत. पण समुद्र त्यांच्याकडेही नाही. औंढ्याकडे दिशा आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेलं द्वादश ज्योतिर्लिंगांचं जे मोठं स्तोत्र आहे, त्यात नागनाथ ‘याम्ये’, म्हणजे दक्षिणेकडे, सदंग नावाच्या नगरात असल्याचं म्हटलंय. गुजरात काय किंवा कुमाऊं काय, दक्षिणेत बसत नाही.

म्हणजे कसं, तर प्रत्येक जण आपल्याला सोयीचा ग्रंथ उघडतो, त्यातला सोयीचा शब्द उचलतो आणि बाकीच्यांना खोटं ठरवतो. द्वारकावाले सदंगबद्दल बोलत नाहीत, औंढेवाले समुद्राबद्दल बोलत नाहीत. माझी पहिली तक्रार इथं आहे. पुरावा निवडून घेतला की प्रत्येक जण जिंकतो, आणि मग त्या जिंकण्याला काही अर्थ उरत नाही.

ग्रंथ स्वतः काय सांगतो?

गंमत अशी की शिवपुराणातली कथा नीट वाचली तर ती या वादाच्या मुळावरच येते. दारुकेला पार्वतीचं वरदान होतं, की ती जिथं जाईल तिथं तिचं वनही जमीन-झाडांसकट तिच्याबरोबर जाईल. देवांशी युद्धाचा प्रसंग आला तेव्हा तिनं अख्खं वन उचलून समुद्रात नेलं. आता विचार करा. ज्या वनाचा पत्ता शोधायला आपण नकाशे काढून बसलोय, ते चालतं-फिरतं वन आहे असं कथाकारानंच सांगून ठेवलंय! अशा कथेतून अक्षांश-रेखांश काढायचे कसे?

क्रमांकाचंही तेच. औंढ्याची ओळख ‘आठवं ज्योतिर्लिंग’ अशी करून दिली जाते. सकाळी पूजेत म्हणतात त्या छोट्या स्तोत्रात नागेश आठवा आहे, हे खरं. पण शिवपुराणाच्या यादीत तो दहावा येतो. छोट्या स्तोत्राचा जो पाठ आपल्याकडे म्हणतात त्यात वैद्यनाथ परळीला आहे, आणि शिवपुराणात तो ‘चिताभूमी’त आहे. झारखंडमधल्या देवघरचे लोक त्याच शब्दावर बोट ठेवतात. याद्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या प्रदेशांत घडल्या. त्यांच्यात फरक असणार हे उघड आहे. पण फलकावर एकच आकडा येतो, आणि तो आकाशातून पडल्यासारखा येतो.

“बारापैकी पाच ज्योतिर्लिंगं महाराष्ट्रात” हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो: त्र्यंबकेश्वर, घृष्णेश्वर, भीमाशंकर, परळी, औंढा. यातल्या शेवटच्या तिन्हींवर दुसऱ्या राज्यांचा दावा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये महाशिवरात्रीच्या तोंडावर आसाम सरकारनं जाहिरात दिली, की भीमाशंकर ज्योतिर्लिंग कामरूपच्या डाकिनी डोंगरावर आहे. त्यावर महाराष्ट्रातल्या नेत्यांनी किती आवाज केला ते आठवत असेलच. ज्योतिर्लिंग पळवलं, अशी भाषा झाली, जणू एखादा कारखाना परराज्यात गेला. इथं दुसरी गोष्ट दिसते. ‘खरं कोणतं?’ या प्रश्नाच्या मागे भक्ती असते, पण त्याच्या आजूबाजूला पर्यटन, निधी आणि अस्मिता उभ्या असतात. औंढ्यात फुलं-बेल विकणाऱ्याच्या पोटाचा प्रश्नही त्या ‘आठव्या’ क्रमांकाशी बांधलेला आहे. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

अभ्यासकांचं उत्तर, आणि माझी अडचण

आमच्या क्षेत्रात या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे. डायना एक यांच्या ‘इंडिया: अ सेक्रेड जिऑग्रफी’ (२०१२) या पुस्तकात ते विस्तारानं येतं: भारतात पवित्र जागा एकट्या नसतात, त्या पुन्हा पुन्हा घडवल्या जातात. गंगा अनेक, काश्या अनेक. त्यामुळे अस्सल-नक्कल हा भेदच इथं लागू पडत नाही. ॲन फेल्डहाउस यांनी ‘कनेक्टेड प्लेसेस’ (२००३) मध्ये खास महाराष्ट्राचा अभ्यास करून दाखवलं, की नद्या, यात्रा आणि अशा मोजलेल्या देवस्थानांच्या याद्या यांतून लोक आपला प्रदेश मनात जुळवतात. त्याआधी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९४१ मध्ये जेरुसलेम परिसरातल्या ख्रिस्ती स्थळांबद्दल असाच मुद्दा मांडला होता: आठवण आधी असते, तिला जागा नंतर मिळते, आणि ती जागा कुठं ठरली यावरून ठरवणाऱ्यांबद्दल जास्त कळतं. जेरुसलेममध्ये येशूच्या कबरीची आजही दोन ठिकाणं दाखवतात. एकावर चौथ्या शतकापासूनचं चर्च आहे. दुसरं एकोणिसाव्या शतकात जनरल गॉर्डन या इंग्रज अधिकाऱ्यामुळे प्रसिद्ध झालं. भाविक दोन्हीकडे जातात.

हे सगळं मला पटतं. तरी एक अडचण राहते. “सगळीच ठिकाणं आपापल्या परीनं खरी” हे ऐकून सेमिनारमधले लोक माना डोलावतात, पण एसटीतल्या बाईला ते टाळल्यासारखं वाटतं, आणि ते तसं असतंही. सगळे दावे सारखे नसतात. काही तपासता येतात, काही नाही. ‘खरं का?’ हा एक प्रश्न वाटतो, पण त्याच्या पोटात निदान तीन आहेत: कथा रचणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोणती जागा होती? या जागेचा ठाऊक असलेला इतिहास काय? आणि इथं येणाऱ्या लोकांनी या जागेशी काय जोडलं? ते वेगळे करून विचारले की उत्तरं मिळू लागतात.

आता उत्तर

पहिला प्रश्न. शिवपुराणाच्या कथेपुरतं बोलायचं तर तिचा रोख पश्चिम समुद्राकडे आहे. त्या निकषावर औंढा बसत नाही, हे सरळ मान्य करावं. मोठ्या स्तोत्राच्या निकषावर मात्र दक्षिणेतल्या औंढ्याचा दावा द्वारकेपेक्षा आणि जागेश्वरपेक्षा जड आहे. दोन ग्रंथ, दोन उत्तरं. विषय संपला.

दुसरा प्रश्न, आणि इथं औंढेकरांनी कान टवकारावेत. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात रणोद नावाचं गाव आहे. तिथं साधारण हजार वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. त्यात शैव आचार्यांची गुरुपरंपरा दिली आहे, आणि तिच्यात ‘आमर्दकतीर्थनाथ’ हे नाव येतं. त्यांच्यानंतरच्या पुरंदर नावाच्या आचार्यांना अवंतिवर्मा राजानं आपल्या राज्यात नेलं आणि तिथं मठ उभे राहिले, असं हा लेख सांगतो. शैव परंपरेचे अभ्यासक हे आमर्दक म्हणजेच औंढा, अशी ओळख मांडतात. गावाचं जुनं नाव आमर्दक असल्याची आठवण स्थानिक परंपरेतही आहे. ही ओळख नावाच्या आधारावर उभी आहे, तेव्हा तीही तपासत राहायला हवी. पण ती तपासता तरी येते. चालत्या-फिरत्या वनासारखी ती हातातून निसटत नाही.

याचा अर्थ लक्षात घ्या. ज्या औंढ्याला आपण मागास जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव म्हणतो, तिथून निघालेली गुरुपरंपरा सुमारे सहाशे किलोमीटर उत्तरेला राजाच्या पदरी सन्मानानं पोचली होती. विद्येचं, दीक्षेचं मोठं केंद्र म्हणून या गावाची ख्याती होती. हा इतिहास द्वारकेकडे नाही, जागेश्वरकडेही नाही. आणि आपल्या फलकांवर तो शोधावा लागतो, कारण सगळी जागा ‘आठवं’ या शब्दानं खाल्ली आहे. मंदिर पांडवांनी, धर्मराजानं बांधलं असं सांगितलं जातं. समोर दिसतं ते यादवकाळातल्या शैलीचं कोरीव दगडी काम, आणि त्यावर नंतरच्या काळात चढवलेलं वेगळ्याच धाटणीचं शिखर. दोन काळ एकमेकांवर उभे आहेत, नुसत्या डोळ्यांना दिसतात. पण बहुतेक जण दर्शनाची रांग, अरुंद पायऱ्या उतरून भुयारातलं लिंग, आणि परत, एवढंच बघून जातात.

तिसरा प्रश्न नामदेवांपाशी नेतो. हिंगोली तालुक्यातलं कयाधूकाठचं नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. तिथंही वाद आहेच: कुणी पंढरपूर म्हणतं, कुणी कऱ्हाडकडचं नरसिंगपूर. औंढ्याशी नामदेवांच्या दोन कथा जोडल्या आहेत. पहिली देऊळ फिरल्याची. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी मागे जायला लावलं, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि ही घटना तिथंही येते. गावाचं नाव मात्र येत नाही. पण त्या पदात हाकलण्याचं कारण स्पष्ट येतं: जात. औंढ्यात ही कथा कुणी सांगायला लागलं की ती चमत्काराची होते, ‘बघा, देऊळ कसं फिरलं’. ते का फिरावं लागलं, हे एका वाक्यात उरकतं किंवा गळतं. देऊळ खरंच फिरलं का, यावर वाद घालणाऱ्यांनाही तो भाग दिसत नाही. माझ्या दृष्टीनं त्या जागेची सगळ्यात महत्त्वाची साक्ष तीच आहे. एका माणसाला देवासमोरून उठवलं होतं, हे लोकांनी सातशे वर्षं विसरू दिलं नाही.

दुसरी कथा विसोबा खेचरांची. गुरूच्या शोधात नामदेव औंढ्याला आले, तर विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी हटकलं, तर म्हणाले, जिथं देव नाही तिथं माझे पाय ठेव. नामदेवांनी पाय जिकडे सरकवले तिकडे पिंड उगवली. ज्या गावावरून “खरा देव इथं का तिथं” अशी आपण भांडणं करतो, त्याच गावानं ही कथा जपून ठेवली आहे. या वादाला याहून नेमकं उत्तर मला अजून कुठल्या जर्नलमध्ये सापडलेलं नाही.

तेव्हा औंढ्याला जरूर जा. दर्शन झालं की लगेच गाडीकडे पळू नका. बाहेरून एक फेरी मारा आणि दगड कुठं संपतो, नवं काम कुठं सुरू होतं ते बघा. गाइडला आमर्दकाबद्दल विचारा. त्याला माहीत नसेल तर तुम्ही सांगा. नामदेवांना मागे का जावं लागलं, हेही विचारा, आणि सोबत मुलं असतील तर त्यांच्यासमोर विचारा. आकडा आठवा की दहावा, यानं यातलं काहीच बदलत नाही.

पुढच्या पोस्टमध्ये रणोदच्या शिलालेखातली ती गुरुपरंपरा एकेक नाव घेऊन बघू.