नाना पाटलांचं चरित्र १९४६ ला का थांबतं?

दर वर्षी ३ ऑगस्टला क्रांतिसिंह नाना पाटलांवर लेख येतात, भाषणं होतात. त्यातल्या बहुतेकांची मांडणी ठरलेली असते. येडेमच्छिंद्रचे नाना, १९३० मध्ये तलाठ्याची नोकरी सोडली, बेचाळीसची चळवळ, साताऱ्याचं प्रतिसरकार, तुफान सेना, शेणोलीला लुटलेली गाडी, फितुरांच्या तळपायाला ठोकलेले पत्रे, आणि १९४६ मध्ये नाना भूमिगत जीवनातून लोकांसमोर आले. इथे टाळ्या. मग शेवटी एक ओळ: पुढे ते खासदार झाले, ६ डिसेंबर १९७६ ला त्यांचं निधन झालं.

आता साधा हिशेब करू. नाना ७६ वर्षं जगले. प्रतिसरकारचा काळ १९४३ ते १९४६, म्हणजे तीन वर्षं, म्हणजे आयुष्याचे चार टक्के. नंतरची तीस वर्षं एका ओळीत. एखाद्याच्या आयुष्याचा सर्वोच्च काळ जास्त जागा घेणार, हे मान्य. पण तीस वर्षांना एक ओळ, हे प्रमाण मला खटकतं. यात निव्वळ विसरभोळेपणा नाही, निवड आहे, आणि त्या निवडीमुळे ती तीन वर्षंसुद्धा आपल्याला नीट कळत नाहीत, असं माझं म्हणणं आहे.

माझा विषय इतिहास नाही. मी नदीच्या पुराच्या नोंदींवर पीएचडी करतोय. आमच्याकडे पुराचा आलेख काढतात, त्याला हायड्रोग्राफ म्हणतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर गेली, हा आकडा सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण नुसत्या त्या आकड्यावरून पुराबद्दल फार कमी कळतं. पाणी किती वेगाने चढलं, त्यावरून वरच्या खोऱ्यात काय झालं ते कळतं. आणि किती सावकाश उतरलं, त्यावरून जमिनीत आणि नदीच्या पात्रात किती पाणी मुरलेलं होतं ते कळतं. ओसरणारी बाजू कापून टाकली, तर खोऱ्याचा स्वभाव कळत नाही. नानांच्या चरित्राच्या दोन्ही बाजू आपण कापल्यात.

आधी चढती बाजू. लोकप्रिय कथनात गांधीजींनी ‘चले जाव’ म्हटलं आणि सातारा पेटला, असं चित्र असतं. पण चले जाव देशभर होतं. मग तीन वर्षं टिकणारं समांतर सरकार साताऱ्यातच का? या प्रश्नावर गेल ऑम्व्हेट यांचं काम महत्त्वाचं आहे. जन्माने अमेरिकन, पीएचडी १८७३ ते १९३० या काळातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर, आणि पुढचं सगळं आयुष्य वाळवा तालुक्यातल्या कासेगावात. त्यांच्या सासूबाई इंदुताई पाटणकर स्वतः प्रतिसरकारच्या कार्यकर्त्या. ऑम्व्हेट यांनी प्रतिसरकारची मुळं सत्यशोधक चळवळीत शोधली. साताऱ्याच्या गावोगाव सत्यशोधक जलसे फिरून गेले होते, सावकार आणि पुरोहित यांच्याविरुद्ध बोलण्याची भाषा तयार होती. नानाही त्याच वातावरणात घडले.

हे लक्षात घेतलं की एक गोष्ट वेगळी दिसायला लागते. प्रतिसरकारच्या काळात ‘गांधी विवाह’ लागायचे: कमी खर्च, हुंडा नाही, मानपान नाही. नाव गांधींचं, पण बिनखर्चाच्या, बिनपुरोहिताच्या लग्नाची वाट इथे सत्यशोधकांनी कितीतरी आधी घालून दिली होती. उलट गांधीजींनी १९४४ मध्ये सुटल्यावर भूमिगतांना प्रकट व्हायला सांगितलं, तेव्हा साताऱ्यातले बहुतेक कार्यकर्ते बाहेर आलेच नाहीत. म्हणजे नाव घेतलं, आदर ठेवला, पण निर्णय आपले आपण घेतले.

‘पत्री सरकार’ हा शब्दही असाच बघण्यासारखा आहे. मूळ शब्द प्रतिसरकार. लोकांच्या तोंडी तो पत्री झाला आणि पत्रे ठोकण्याची शिक्षा त्याला कायमची चिकटली. त्यामुळे लक्षात राहिली ती शिक्षा. गावागावातली न्यायमंडळं, जमिनीचे आणि कर्जाचे तंटे, दारूबंदी ही रोजची कामं मागे पडली. खरं तर सरकार म्हणावं असं जे होतं, ते या कामांत होतं. प्रतिसरकार किती गावांत होतं, याचेही आकडे कुठे १५०, कुठे ६०० असे दिसतात. न्यायमंडळ बसत होतं अशी गावं मोजली, की भूमिगतांना भाकरी आणि आसरा देणारी सगळी गावं मोजली, हे विचारल्याशिवाय कुठलाही आकडा पुढे ढकलू नये.

आता ओसरती बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. १९४६ नंतर प्रतिसरकारची माणसं एका वाटेने गेली नाहीत. यशवंतराव चव्हाण त्याच वर्षी दक्षिण साताऱ्यातून मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि संसदीय सचिव झाले. किसन वीर काँग्रेसमध्ये राहिले. जी. डी. बापू लाड शेतकरी कामगार पक्षातून लढले. नानाही शेकापमध्ये गेले आणि तिथून पुढे कम्युनिस्ट पक्षात. सावकार आणि जमीन हे प्रश्न गोरे गेले म्हणून सुटले नव्हते, एवढं तरी या वाटेवरून दिसतं.

१९५७ ची निवडणूक बघा. संयुक्त महाराष्ट्राची लाट. द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव कराडमधून कसेबसे निवडून आले. त्याच निवडणुकीत साताऱ्याने लोकसभेला नाना पाटलांना पाठवलं. १९६२ मध्ये त्याच सातारा मतदारसंघातून काँग्रेसचे किसन वीर खासदार झाले. पाच वर्षांत जिल्ह्याने भूमिगत काळातल्या एका साथीदाराकडून दुसऱ्याकडे जागा दिली! १९६७ मध्ये नाना परत लोकसभेत गेले, पण साताऱ्यातून नाही, बीडमधून. साताऱ्याचे खासदार त्या वेळी यशवंतराव होते.

‘पुढे ते खासदार झाले’ या एका ओळीत हे सगळं दडपलंय. ज्या जिल्ह्याने त्यांना क्रांतिसिंह केलं, त्या जिल्ह्याचं राजकारण दहा वर्षांत काँग्रेस आणि सहकाराकडे कसं वळलं, हा मोठा प्रश्न आहे. प्रतिसरकारची संघटना कुठे मुरली? साखर कारखान्यांत, पक्षांत, की कुठेच नाही? १९४६ ला गोष्ट थांबवली की हा प्रश्न विचारावा लागत नाही, आणि नाना सगळ्याच पक्षांच्या पोस्टरवर सोयीने बसतात. शिवाय १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर याच भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. गोष्ट आधीच संपवली की या अवघड प्रकरणालाही वळसा घालता येतो.

उलट बाजूनेही एक सावधगिरी हवी. डाव्या मांडणीत कधी कधी प्रतिसरकारपासून लाल झेंड्यापर्यंत सरळ रेघ ओढली जाते. पण एकाच चळवळीतून किसन वीरही निघाले आणि नानाही. सरळ रेघ इथे बसत नाही.

त्या पिढीच्या मनात मात्र गोष्ट १९४६ ला संपली नव्हती. नानांच्या कन्या हौसाताई पाटील आणि तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ लाड, दोघांनीही नव्वदी ओलांडल्यावर, २०१८ मध्ये दिल्लीच्या किसान मुक्ती मोर्चाला पाठिंबा दिला होता. हौसाताई २०२१ मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये.

म्हणून वाळवा, तासगाव, खानापूर, कराड भागातल्या वाचकांना एक विनंती. घरात सत्तावन्न किंवा बासष्टच्या निवडणुकीचं पत्रक, सभेची नोटीस, एखादं पत्र असेल, तर फेकू नका, फोटो काढून ठेवा. आणि घरात त्या वेळी कळत्या वयाचं कुणी असेल, तर त्यांना गाडी कशी लुटली हे तर विचाराच, पण त्यानंतर मत कुणाला दिलं आणि का, हेही विचारा. पहिल्या प्रश्नाची उत्तरं बऱ्यापैकी गोळा झालीत. दुसऱ्याची फार थोडी.