साझाए-सान आणि आपली हास्यचित्रे

मराठी हास्यचित्रांच्या श्रीमंतीबद्दल आपण बोलतो ते खोटे नाही. शि. द. फडणीस, वसंत सरवटे, मंगेश तेंडुलकर ही नावे आणि दिवाळी अंकांची परंपरा समोर आहे. पण या चित्रांत जागोजागी दिसणारी बाई कुंचला धरून बसलेली क्वचितच आढळते. बायकांना विनोदाचे अंग नसते, हे उत्तर शकुंतला परांजपे आणि मंगला गोडबोले यांच्या लेखनाने केव्हाच मोडीत काढले आहे. कारण कलेच्या व्यवहारात शोधावे लागते, आणि त्यासाठी माचिको हासेगावाचे (१९२०–१९९२) उदाहरण फार उपयोगी आहे.

वडील गेल्यावर आई आणि बहिणींबरोबर टोकियोला आलेली ही मुलगी किशोरवयातच सुइहो तागावा या नामांकित चित्रकाराची शिष्या झाली. मात्र तिची ‘साझाए-सान’ ही चार चौकटींची चित्रमालिका राजधानीत जन्मली नाही. युद्धानंतर, एप्रिल १९४६मध्ये, ती फुकुओकातल्या एका स्थानिक वृत्तपत्रात सुरू झाली. १९४९मध्ये ती ‘असाही’ या राष्ट्रीय दैनिकात गेली आणि १९७४पर्यंत चालली. पुस्तके काढायला बहिणींनी स्वतःची प्रकाशनसंस्था उभारली, तिचे नावच ‘शिमाईशा’, म्हणजे बहिणींची कंपनी. रोजची जागा आणि छापलेल्या पानावरची मालकी, या दोन्ही गोष्टी तिच्या हाती होत्या.

तिने शेवटी एक गृहिणीच रंगवली, यात कसली क्रांती, असा आक्षेप येतो. १९६९पासून चालू असलेली दूरचित्रवाणी मालिका तेवढी पाहिली तर तो पटेलही. तिथे सगळे गुळगुळीत झाले आहे. छापील पट्ट्यांतली साझाए मात्र धांदरट, तोंडाळ, टंचाईच्या दिवसांत घर रेटणारी आहे, आणि तिचा नवरा तिच्या माहेरी राहतो. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एखाद्या बंगल्यात सासऱ्यांकडे राहणाऱ्या जावयाला आजही किती टोमणे खावे लागतील! हासेगावाने ही व्यवस्था कसलाही खुलासा न देता घरगुती करून टाकली. पुढे १९६६मध्ये तिने एक खाष्ट, खोडसाळ म्हातारीच नायिका केली. सोशिक आजीची पूजा बांधणाऱ्यांना ती पचणारी नव्हती.

हासेगावाला मिळाली तशी रोजची जागा आपल्याकडे नव्हती. आर. के. लक्ष्मण रोज चित्र काढतच होते, असे कोणी म्हणेल. पण ते इंग्रजी दैनिकात, आणि विषय बहुतांशी राजकारणाचा. ती वाट संपादकीय खोलीतून जायची आणि त्या खोलीत बायकांना खुर्ची नव्हती. घरातला विनोद मराठीत चित्ररूपाने मुख्यतः दिवाळी अंकांत राहिला. वर्षातून एकदा निघणारा अंक साहजिकच नावाजलेल्यांना आमंत्रण देतो. नवख्या हाताला रोज थोडे चुकत, थोडे जमवत तयार व्हावे लागते, आणि तशी जागाच नव्हती. आता समाजमाध्यमांनी ती दिली आहे, हे खरे. मात्र मानधनाचे आणि मालकीचे काय, हा प्रश्न तसाच आहे. मानधनाची रोजची जागा वृत्तपत्रेच देऊ शकतात: त्यांच्या सांगली-कोल्हापूरच्या आवृत्त्यांत राशिभविष्याला रोज जेवढी जागा मिळते, चार चौकटींना त्याहून जास्त लागत नाही.