साधन आधी की प्रश्न आधी?

नवे ॲप किंवा संगणकावरील नवी आज्ञावली लोकांच्या हाती दिली, की ती त्यांना वापरता येते का, कुठे अडते आणि का अडते, याचा पद्धतशीर शोध घेणे म्हणजे वापरकर्ता संशोधन. आपल्यापैकी पुष्कळ शिक्षक मोबाइलवर हजेरी भरतात, शाळेची माहिती पाठवतात. म्हणजे अशा संशोधनाचा विषय आपण स्वतःच असतो. हे काम करणाऱ्या गटांनी कोणते सॉफ्टवेअर निवडावे यावर हल्ली भरपूर लिहिले जाते. बहुतेक लेखनाचा साचा एकच : डावीकडे साधनांची नावे, वर सोयींची नावे आणि चौकटीत बरोबरच्या खुणा. ज्याच्यापुढे खुणा जास्त, ते साधन चांगले. आम्हाला ही रीत मुळातच चुकीची वाटते. प्रयोगशाळेसाठी तराजू घेताना त्याला बटणे किती हे आपण पाहत नाही. तो किती मिलिग्रॅमपर्यंत खरे सांगतो हे पाहतो.

संशोधनाच्या साधनालाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. माणसाने जे केले आणि सांगितले, त्यातले या साधनाने काय गाळले, काय बदलले, आणि तसे केल्याचे आपल्याला कळवले का?

बोलण्याचे लेखन करणाऱ्या आज्ञावल्या घेऊ. या क्षेत्रातील एक जुनी आणि भरवशाची पद्धत म्हणजे वापरणाऱ्याला काम करता करता मनातले मोठ्याने बोलायला सांगणे. आयबीएममधील क्लेटन लुईस यांनी ती 1982 मध्ये संगणकाच्या अभ्यासात आणली. तासाभराचे असे बोलणे हाताने उतरवून काढायला कित्येक तास लागतात, त्यामुळे यंत्राची मदत घेण्याचा मोह स्वाभाविक आहे. सप्टेंबर 2022 मध्ये ओपनएआयने ‘व्हिस्पर’ ही आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. तिचा एक गुण मान्य केलाच पाहिजे : ती आपल्याच संगणकावर चालवता येते, ध्वनिफीत कोणाकडे पाठवावी लागत नाही.

पण 2024 मध्ये ॲलिसन कोनेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की तपासलेल्या ध्वनितुकड्यांपैकी सुमारे 1 टक्क्यात व्हिस्परने कोणी न बोललेले शब्द किंवा पूर्ण वाक्ये घातली होती. एक टक्का थोडा वाटेल. मात्र हा दोष सगळीकडे सारखा पसरलेला नव्हता. मेंदूच्या विकारामुळे बोलताना अडखळणाऱ्यांच्या बाबतीत तो अधिक होता, आणि बोलण्यात शांततेच्या जागा जितक्या जास्त तितका त्याचा संभव जास्त. आता वापरकर्ता संशोधनात मोलाची जागा कोणती? माणूस पडद्याकडे बघत गप्प बसतो ती! बटण सापडत नाही, शब्दाचा अर्थ लागत नाही, म्हणून तो थांबतो. ‘अं... म्हणजे...’ असे चाचरणेही पुष्कळदा लेखनातून वगळले जाते आणि गोंधळलेला माणूस कागदावर सफाईदार बोलू लागतो. मराठीची आणखी एक अडचण आहे. व्हिस्परला शिकवण्यासाठी 6,80,000 तासांचे ध्वनिमुद्रण वापरले, त्यात इंग्रजी सोडून 96 भाषांचे मिळून सुमारे 1,17,000 तास होते. इतक्या भाषांत वाटले गेल्यावर आपल्या वाट्याला किती येणार? तेव्हा यंत्राचे लेखन म्हणजे मूळ ध्वनिफितीची अनुक्रमणिका, असे आम्ही मानतो. एका वाक्यावर बोट ठेवताच त्या क्षणाचा आवाज ऐकवणारे साधन घ्यावे. नुसता मजकूर देणारे नको, मग ते कितीही स्वस्त असो.

दुसरे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे, एक्सेलचे. ‘आठवड्यातून किती वेळा वापरता?’ याचे उत्तर 3-5 असे टाइप करून पाहा. भारतीय मांडणी असलेल्या संगणकावर तेथे 3 मे ही तारीख उमटेल. विद्यार्थ्यांसमोर करून दाखवण्याजोगा हा प्रयोग आहे. या सवयीने जनुकशास्त्रज्ञांनाही सोडले नाही. ‘मार्च1’, ‘सेप्ट1’ या जनुकनावांच्या तारखा होत. शेवटी 2020 मध्ये नामकरण समितीने अशी नावेच बदलली. तारखांत आपोआप होणारा बदल बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली ती 2023 मध्ये. इंग्लंडमध्ये तर 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर 2020 या काळातील 15,841 करोनाबाधितांच्या नोंदी मोजणीतून सुटल्या, कारण जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये 65,536 ओळींपुढे जागाच नसते. या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध त्यामुळे लांबला. कोष्टक वापरू नये असे आमचे म्हणणे नाही. मात्र त्यात उतरवण्यापूर्वीची मूळ उत्तरे जशीच्या तशी वेगळी ठेवावीत.

चिठ्ठ्या चिकटवण्याच्या डिजिटल फळ्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. गट एका गावात असेल तर भिंत आणि कागदाचे कपटे पुरतात. दूर दूर असेल तर फळा घ्यावा.

क्षेत्रावर जाऊन प्रश्नावल्या भरण्यासाठी मात्र आम्ही ‘ओपन डेटा किट’ला आणि त्यावर बेतलेल्या ‘कोबोटूलबॉक्स’ला झुकते माप देऊ. पहिल्याचे काम 2008 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झाले. नोंदी मोबाइलमध्येच साठतात आणि नेटवर्क मिळाल्यावर पुढे जातात. दुर्गम भागात फिरणाऱ्याला ही एक सोय दहा खुणांपेक्षा मोठी आहे.

माहिती बाहेर काढता येणे हीदेखील अशीच बाब. संकेतस्थळावर लोक कसे वावरतात हे मोजणाऱ्या गुगल ॲनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीने 1 जुलै 2023 पासून नवी मोजणी थांबवली, आणि वर्षभराने तिच्यातील जुनी माहितीही पाहता येईनाशी झाली. ज्यांनी ती आधी उतरवून घेतली नव्हती त्यांची कित्येक वर्षांची तुलना संपली.

म्हणून पैसे भरण्याआधी, चाचणीच्या मोफत मुदतीतच, खऱ्या मराठी मुलाखतींच्या दोन-तीन नोंदी साधनात घालाव्यात, लगेच बाहेर काढाव्यात आणि दुसऱ्या आज्ञावलीत उघडाव्यात. वेळेच्या खुणा टिकल्या का? कोण बोलले हे कळते का? देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हे आली का? मुलाखत विद्यार्थ्यांची असेल तर ध्वनिफीत कोणत्या कंपनीच्या संगणकावर जाऊन बसते हेही विचारावे. आपल्या 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्यांच्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. सोयींच्या कोष्टकात हा रकाना आम्हाला क्वचितच दिसला.