अस्थिपुटी आणि ‘बरे होणे’ : एका वैद्यकीय परिभाषेची समीक्षा

एखाद्या शास्त्राच्या परिभाषेची चिकित्सा करावयाची ती केवळ शब्दशुद्धीसाठी, असा एक समज विद्वानांतही आढळतो. वैद्यकाच्या बाबतीत हा समज विशेष घातक आहे. रोगाला दिलेले नाव हे पुष्कळदा रोगाविषयीचे एक गृहीतकच असते आणि शस्त्रवैद्याचा हात त्या गृहीतकाच्या अनुरोधाने चालतो. लहान मुलांच्या व तरुणांच्या हाडांत होणाऱ्या ज्या विकाराला इंग्रजी वैद्यकात ‘बोन सिस्ट’ व मराठीत अस्थिपुटी म्हणतात, त्याच्या उपचारांचे वाङ्मय या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

प्रथम विकाराचे स्वरूप पाहू. साधी अस्थिपुटी म्हणजे लांब हाडाच्या टोकाजवळ निर्माण झालेली, पिवळसर द्रवाने भरलेली पोकळी. ती बहुतेक वेळा वयाच्या पहिल्या दोन दशकांत आढळते. मुलींपेक्षा मुलांत तिचे प्रमाण अधिक असून दंडाच्या आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग ही तिची नेहमीची स्थाने होत. पुष्कळदा तिचे अस्तित्व कोणालाच ठाऊक नसते. खेळताना मूल पडते, किरकोळ आघाताने हाड मोडते आणि क्ष-किरण चित्रात ही पोकळी दिसते. मोडलेले हाड यथाकाल जुळते. परंतु अस्थिभंगानंतर पुटी आपोआप नाहीशी झाली असे थोड्याच मुलांत घडते. मग पुढे काय करावयाचे, हा प्रश्न उरतो.

या विकाराचे वर्णन फिर्खो यांनी १८७६ साली केले. त्याला निश्चित वैद्यकीय व्यक्तित्व मिळाले ते जॅफे आणि लिख्टेन्स्टाइन यांच्या १९४२ सालच्या निबंधाने. त्यांनी योजलेल्या नावात तीन पदे होती : एकटी, एककक्षी व पुटी. पैकी ‘एककक्षी’ हे विशेषण पुढे अनेक रुग्णांत जसेच्या तसे लागू पडेना, कारण अस्थिभंगानंतर पोकळीत आडवे पडदे निर्माण होऊ शकतात. परंतु खरी अडचण ‘पुटी’ या पदाची आहे. विकृतिशास्त्राच्या काटेकोर अर्थाने पुटी म्हणजे स्वतःचे अधिस्तर असलेली पिशवी. अस्थिपुटीला असे अधिस्तर नसते. असते ती केवळ एक पातळ पटलासारखी ऊती. म्हणजे नाव पिशवीचे आणि वस्तू पोकळीची, असा हा प्रकार आहे.

पिशवी म्हटली की ती समूळ काढली पाहिजे, अंश राहिला तर ती पुन्हा भरेल, हा विचार ओघानेच येतो. पोकळी खरवडून तीत अस्थिकलम भरणे ही शस्त्रक्रिया दीर्घकाळ प्रचारात होती. काहींनी तर पुटीसकट हाडाचा मोठा भाग काढण्याचा मार्ग अवलंबिला. या पद्धतीमागे केवळ शब्दाची भूल होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. निदान पक्के करण्यासाठी ऊतीचा नमुना हवा असतो आणि कमकुवत हाडाला आधारही द्यावयाचा असतो. तथापि खरवडूनही पुटी पुन्हा दिसू लागली की तिचे अस्तर अपुरे निघाले, असे स्पष्टीकरण देणे सोयीचे झाले. आणि त्या स्पष्टीकरणाने अधिक खोल खरवडण्यास आधार मिळाला. पुटीच्या शेजारीच हाडाच्या वाढीचा कूर्चापट्ट असतो. दंडाच्या हाडाची लांबीची सुमारे ८० टक्के वाढ त्याच्या वरच्या टोकाच्या पट्टातून होते, हे लक्षात घेतले म्हणजे अधिक खोल जाण्याची किंमत कोणत्या वयात आणि कोणाला द्यावी लागते ते उघड होते.

या चित्राला पहिला महत्त्वाचा छेद दिला तो जोनाथन कोहेन यांनी. १९६० साली त्यांनी सहा रुग्णांच्या पुटींतील द्रवाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो द्रव रक्तद्रवाशी मिळताजुळता आढळल्यामुळे, पुटी ही शिरांतून होणाऱ्या निचऱ्याला अडथळा आल्याचा परिणाम असावी, अशी उपपत्ती त्यांनी मांडली. येथे रूपकच बदलले. पिशवीच्या जागी तुंबलेली जागा आली. पिशवी काढून टाकावयाची असते. तुंबलेल्या जागेला वाट करून द्यावयाची असते. पुढे पोकळीला छिद्रे पाडणे आणि हाडाच्या पोकळ नळीतून लवचीक खिळे घालून निचरा व आधार ही दोन्ही कामे एकदम साधणे, हे उपाय पुढे आले. स्काल्येत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली मेथिलप्रेडनिसोलोनच्या अंतःक्षेपणांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि सुईने भागत असेल तर सुरी कशासाठी, असा प्रश्न उभा राहिला. अर्थात नवे रूपकही अंतिम नव्हे. २०२० साली अनेक साध्या अस्थिपुटींतील पेशींत एन्‌एफ्‌एटीसी२ या जनुकाच्या विशिष्ट जोडण्या आढळल्याचे प्रसिद्ध झाले. तेव्हा केवळ तुंबण्याने सर्व उलगडा होतो, असेही आता म्हणता येत नाही.

याच वाङ्मयातील एक क्रियापद भाषाभ्यासकाने अवश्य पाहावे असे आहे. पुटी वाढीच्या पट्टापासून हळूहळू ‘दूर सरकते’, असे लिहिण्याची रूढी आहे. वस्तुतः पुटी कोठेही जात नाही. पट्ट नवे हाड घालीत पुढे जातो आणि पुटी मागे राहते. कर्ता चुकला की कारणही चुकते. पट्टाला लागून असलेली पुटी ‘सक्रिय’ आणि अंतर पडलेली ‘सुप्त’, ही विभागणी उपयुक्त खरी. पण तिच्यात मोजले जाते ते मुख्यतः मुलाच्या वाढीने पाडलेले अंतर. ते पडू देण्यासाठी काही काळ थांबणे हादेखील एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो, ही गोष्ट त्या क्रियापदामुळे झाकली जाते.

मात्र या सर्व परिभाषेतील सर्वांत कमी तपासलेला शब्द म्हणजे ‘हीलिंग’. अस्थिभंगाच्या जागी हाड एकसंध झाले तरी तो शब्द, पोकळीत नवे हाड दिसू लागले तरी तोच आणि मूल पूर्ववत खेळू लागले तरी तोच. नीअर यांच्या नावाने ओळखली जाणारी प्रतवारी मुख्यतः दुसऱ्या अर्थाची, म्हणजे क्ष-किरण चित्रातील भरावाची आहे. आरंभीच्या अहवालांत अंतःक्षेपणाचे फळ बहुसंख्य रुग्णांत अनुकूल सांगितले गेले. पुढे राइट आणि सहकाऱ्यांनी यादृच्छिक वाटणीने केलेली चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत चित्रे पाहणाऱ्या तज्ज्ञाला कोणाला कोणता उपचार मिळाला ते कळू दिलेले नव्हते. मेथिलप्रेडनिसोलोन दिलेल्या ३८ मुलांपैकी १६ जणांची, म्हणजे ४२ टक्के मुलांची, पुटी बरी झालेली आढळली. अस्थिमज्जा टोचलेल्या ३९ पैकी केवळ ९ जणांची, म्हणजे २३ टक्के. ‘अनुकूल’ आणि ‘बरे’ या दोन शब्दांत किती अंतर असू शकते, ते येथे दिसते. त्याहूनही मननीय गोष्ट अशी की, वेदना आणि हातापायांचे कार्य या बाबतींत दोन गटांत फरक आढळला नाही. म्हणजे चित्र भरणे आणि मूल बरे असणे या दोन भिन्न घटना आहेत. चित्रातील उरलेल्या छायेसाठी दुसरी वा तिसरी शस्त्रक्रिया सुचविताना आपण या दोहोंपैकी कशावर उपचार करीत आहोत, हे वैद्याला सांगता आले पाहिजे. हाड पुन्हा मोडण्याचा धोका हे त्याचे सबळ उत्तर असू शकेल. केवळ ‘अद्याप बरे झाले नाही’ हे उत्तर पुरेसे नाही.

दुसरा प्रकार ‘अन्युरिझ्मल’ अस्थिपुटीचा. हे नावही १९४२ सालच्याच निबंधातले. क्ष-किरण चित्रात हाड धमनीविस्फारासारखे फुगलेले दिसते, एवढाच त्याचा आधार. ही धमनीविस्फाराची अवस्था नव्हे आणि खरी पुटीही नव्हे. २००४ साली ऑलिव्हेरा व सहकाऱ्यांनी तीत यूएस्‌पी६ या जनुकाच्या जोडण्या दाखविल्या आणि तिचे स्वरूप अर्बुदाचे आहे हे स्पष्ट झाले. अशा पुटीला साध्या पुटीचे उपचारशास्त्र लावून चालत नाही. ती खरवडावी लागली तर कसून खरवडावी लागते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील रस्तोगी व सहकाऱ्यांनी २००६ साली पॉलिडोकॅनॉल टोचून उपचार केलेल्या ७२ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध करून येथेही सुरीला पर्याय असल्याचे दाखविले. परंतु हाडाच्या कर्करोगाचा एक प्रकार चित्रात हुबेहूब अशाच पुटीसारखा दिसू शकतो. म्हणून ऊतीचा नमुना तपासण्यापूर्वी ‘सौम्य’ हा शब्द उच्चारणे धोक्याचे आहे.

येथे मराठीचा प्रश्न येतो. शस्त्रक्रियेला संमती देणाऱ्या आईबापांशी हे सारे मराठीतच बोलावे लागते. ‘बिनाइन’ला ‘सौम्य’ म्हटले तर त्रास थोडाच होईल असा अर्थ निघतो; ‘साधी गाठ’ म्हटले तर काळजीचेच कारण उरत नाही. मूळ शब्दाने सांगावयाचे असते ते एवढेच की, हा विकार शरीरभर पसरून जीव घेणारा नव्हे. मूल त्यामुळे वारंवार हाड मोडून घेणार नाही किंवा त्याचा हात आखूड राहणार नाही, अशी हमी तो शब्द देत नाही. ‘अमारक’ हा शब्द कानाला रुक्ष वाटला तरी जेवढे सांगावयाचे तेवढेच सांगतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी आणि अर्बुद यांचा विचार एकाच अध्यायात, पण वेगवेगळ्या नावांनी केला आहे. असा भेद राखण्याची सवय आपल्या परंपरेला अपरिचित नाही.

किंबहुना ‘हीलिंग’च्या बाबतीत रोजची मराठी इंग्रजीपेक्षा अधिक नेमकी आहे. आपण हाड ‘जुळले’ म्हणतो, पोकळी ‘भरली’ म्हणतो आणि मूल ‘बरे झाले’ म्हणतो. तीन घटनांना तीन क्रियापदे भाषेत तयारच आहेत. भाषांतरकाराने वा वैद्यकीय लेखकाने ती तिन्ही पुसून सर्वत्र ‘बरे होणे’ लिहिले, तर इंग्रजी वाङ्मयातील गोंधळ मराठीत आयात केल्यासारखे होईल. हाड जुळले आहे, पोकळी पूर्ण भरलेली नाही, पण मूल बरे आहे, असे वाक्य मराठीत सहज लिहिता येते. वैद्याने ते उच्चारले, तर पुढच्या शस्त्रक्रियेची गरज आहे की नाही, हा प्रश्न आईबापांना निदान नीट विचारता तरी येईल.