'भाऊबंदकी' : वारसाचा प्रश्न आणि अपराधाचा प्रश्न

कल्पित राज्यातील वारसायुद्धाची कथा रचताना लेखकाला एक मोठी सोय असते. त्या राज्याचा वारसानियम तो स्वतःच ठरवितो. त्यामुळे खरा वारस कोण आणि तोतया कोण याविषयी वाचकाच्या मनात संदेह राहत नाही. युद्ध कितीही लांबले तरी न्यायाची बाजू आधीच निश्चित झालेली असते. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांच्या काळापासून अशी कल्पित राजघराणी मराठी वाचकाच्या परिचयाची आहेत. ऐतिहासिक नाटककाराला मात्र ही सोय नसते. त्याच्या राज्यात दोन्ही पक्षांकडे काही ना काही आधार असतो, आणि ज्या नियमाने निवाडा करावयाचा तो नियमच वादग्रस्त असतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' (१९०९) या नाटकाचे परीक्षण या कसोटीवर केले असता त्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकाच ठिकाणी उगम पावतात असे दिसून येते.

पेशवाई हे सिंहासन नव्हते. ती छत्रपतींची चाकरी होती. वस्त्रे साताऱ्याहून मिळावयाची, आणि व्यवहारात मात्र पद भट घराण्यातच राहावयाचे, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. १७२०, १७४० व १७६१ या तिन्ही वेळी पित्यामागून पुत्र आला; परंतु प्रघात म्हणजे कायदा नव्हे. १७६१ साली सोळा वर्षांच्या माधवरावांना वस्त्रे मिळाली, तेव्हा घराण्यातील वडीलधारे पुरुष रघुनाथराव होते. १७६२ साली आळेगावास पुतण्याला चुलत्यापुढे नमते घ्यावे लागले. १७६८ साली धोडपला चुलत्याचा पराभव होऊन तो कैदेत पडला. नोव्हेंबर १७७२ मध्ये निपुत्रिक माधवराव थेऊरला निवर्तले आणि धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर रघुनाथरावांनी वस्त्रे मिळविली. पण नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी जन्मास न आलेल्या वारसाच्या नावाने कारभार हाती घेतला. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बालकास पेशवाईची वस्त्रे मिळाली. पुढे सुरतेचा तह (१७७५), वडगावची लढाई (१७७९) आणि सालबाईचा तह (१७८२) या क्रमाने घरातला कलह इंग्रजांशी झालेल्या युद्धात परिणत झाला.

या दीर्घ वादाच्या आरंभाच्या आणि अंताच्या खुणा पुण्यात स्वारगेटच्या परिसरात शेजारी शेजारी उभ्या आहेत. स्वारगेटच्या पश्चिमेस जी पर्वती, तिच्यावर १७६१ च्या जूनमध्ये नानासाहेबांचे देहावसान झाले आणि वादाचे बीज पडले. तिच्या पायथ्याशी, आजच्या सारसबागेत, तळ्यातल्या गणपतीचे देवालय आहे. त्याची स्थापना १७८४ साली सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत झाली, म्हणजे सालबाईनंतर दोन वर्षांनी आणि रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर वर्षभराच्या आत. विजयी पक्षाची स्मृती अशी देवालयाच्या रूपाने टिकली. पराभूत पक्षाची स्मृती मुख्यतः बखरींत, दंतकथांत आणि रंगभूमीवर उरली. म्हणूनच रंगभूमीने तिचे काय केले, हा केवळ रसास्वादाचा प्रश्न राहत नाही.

एकवीस वर्षांच्या या वादातून खाडिलकरांनी नाट्यवस्तूचे केंद्र म्हणून निवडला तो १७७३ चा खून. ही निवड नाट्यदृष्ट्या अचूक आहे. खुनामुळे संघर्षाला एकाग्रता येते, डळमळीत मनाच्या राघोबाला शोकात्म परिमाण लाभते, आणि 'मॅक्बेथ'चा संस्कार पचवून उभी केलेली आनंदीबाई मराठी रंगभूमीवरील एक प्रबळ स्त्रीव्यक्ती ठरते. परंतु याच निवडीने प्रश्नाचे स्वरूप पालटते. 'वारस कोण?' हा प्रश्न मागे पडून 'अपराधी कोण?' हा प्रश्न पुढे येतो. पहिल्याला दोन उत्तरे संभवतात, दुसऱ्याला एकच. रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले, या परंपरेने जपलेल्या प्रसंगात नाटकाचा नैतिक कळस आहे, आणि तो प्रेक्षकाला हलवून सोडतो. पण शास्त्रीबोवांचा निर्णय खुनापुरता आहे. खुन्याला प्रायश्चित्त काय, हे त्यांनी सांगितले; खून झालाच नसता तर रघुनाथरावांच्या दाव्याचे मोल किती, हे सांगण्याचा प्रसंग त्यांच्यावर नव्हता. नाटकाच्या प्रभावाखाली प्रेक्षक हे दोन निवाडे एकच समजून घरी जातो. कल्पित राज्याची सुस्पष्टता इतिहासातील पुण्याला प्राप्त होते ती येथे.

या सुस्पष्टतेची किंमत सर्वांत अधिक आनंदीबाईला द्यावी लागली. 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका सर्वतोमुखी आहे. परंतु आख्यायिका म्हणजे पुरावा नव्हे. रामशास्त्र्यांचे प्रायश्चित्त रघुनाथरावांना होते. आनंदीबाईला दोषी ठरविले ते लोकमानसाने, आणि त्या निकालावर वाङ्मयाने शिक्कामोर्तब केले. राज्यलोभाचे एक गुंतागुंतीचे राजकारण, ज्यात कारभारी, गारदी आणि सरदार असे अनेक पक्ष गुंतले होते, ते एका स्त्रीच्या एका अक्षरापर्यंत आकुंचित झाले. खाडिलकरांनी ही आख्यायिका निर्माण केली नाही. पण तिला जी वाणी दिली ती इतकी समर्थ होती की पुढील पिढ्यांना दुसरी आनंदीबाई कल्पिणेही अवघड झाले. सामर्थ्यवान कलाकृतीचा हा दोष दुबळ्या कलाकृतीला कधीच जडत नाही.

नाटककाराच्या बाजूने एक गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावयास हवी. १९०७ च्या डिसेंबरात सुरत येथे राष्ट्रीय सभा दुभंगली; १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली; आणि 'केसरी'च्या परिवारातील खाडिलकरांचे हे नाटक १९०९ साली रंगभूमीवर आले. ज्या सुरतेत रघुनाथरावांनी इंग्रजांशी तह केला तेथेच ही फूट पडली, हा योगायोग तत्कालीन प्रेक्षकाला जाणवला असल्यास नवल नाही. अशा काळी आपसातील दुहीचा निषेध निःसंदिग्ध असावा, ही लेखकाची गरज समजण्याजोगी आहे. दोन्ही बाजू तोलून पाहणारे नाटक त्या क्षणाला उपयोगी पडले नसते. तथापि उद्दिष्टाची निकड मान्य केली तरी त्यासाठी काय वगळले गेले याची नोंद समीक्षेने ठेवलीच पाहिजे.

ही नोंद करताना खाडिलकरांचे आधीचे नाटक दृष्टीआड करता येत नाही. 'सवाई माधवरावांचा मृत्यू' त्यांनी १८९३ सालीच लिहिले होते. विजयी ठरलेल्या वारसाचा १७९५ मधील अंत त्यांनी प्रथम रंगविला आणि वादाचे मूळ नंतर. त्या मृत्यूनंतर, १७९६ च्या अखेरीस, पेशवाईची वस्त्रे मिळाली ती रघुनाथराव-आनंदीबाईंच्या पुत्राला, दुसऱ्या बाजीरावांना. म्हणजे रणांगणावर व तहात हरलेला दावा वंशक्रमाने अखेर सिद्ध झाला. ही विदारक विसंगती दोन नाटकांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडून आहे. दोन्ही संहिता एकत्र ठेवून आणि गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या पंचेचाळीस खंडांचा आधार घेऊन या जागेचा अभ्यास झाल्यास, मराठी ऐतिहासिक नाटकाने कोणाला बोलू दिले आणि कोणाला मूक ठेवले, हे अधिक काटेकोरपणे सांगता येईल.